कोस्ट गार्डमधले रिजनल कमांडर, एडीजी, डीजी दिवसभर नेमकं करतात काय?

असिस्टंट कमांडंट, म्हणजे कोस्ट गार्डमधला अधिकाऱ्याचा पहिला हुद्दा, त्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने विचारलंय की जहाज कॅप्टन चालवतो, हेलिकॉप्टर पायलट उडवतो, मग कोस्ट गार्डमध्ये वर बसलेल्या आयजी (महानिरीक्षक), एडीजी (अतिरिक्त महासंचालक), डीजी (महासंचालक) यांना फायली, मीटिंगा आणि परेड सोडून काम काय उरतं, आणि नेव्ही असताना या सगळ्यासाठी वेगळं नेतृत्व हवंच कशाला. माझी नोकरी कोस्ट गार्डमध्येच झाली, आधी जहाजांवर आणि नंतर बराच काळ रिजनल हेडक्वार्टरच्या ऑपरेशन्स स्टाफवर, त्यामुळे ही माणसं काम करताना जवळून बघितली आहेत. प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रचना. आपलं कोस्ट गार्ड १ फेब्रुवारी १९७७ ला अंतरिम स्वरूपात सुरू झालं, १९७८ च्या कोस्ट गार्ड कायद्याने त्याला कायद्याचं अस्तित्व मिळालं, आणि ते संरक्षण मंत्रालयाखाली येतं. सगळ्यात वर महासंचालक म्हणजे डीजी, दिल्लीत. त्याखाली दोन सीबोर्ड म्हणजे किनारपट्टीचे कमांडर, पश्चिमेचा मुंबईत आणि पूर्वेचा विशाखापट्टणमला, हे एडीजी हुद्द्याचे. मग पाच रिजन: गांधीनगर, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि अंदमान-निकोबार, तिथे आयजी हुद्द्याचा रिजनल कमांडर. सुरुवातीपासून बरीच वर्षं डीजी बहुतेक करून नेव्हीतून यायचे, पहिले डीजी व्हाइस अॅडमिरल कामत हेही नेव्हीचेच. २०१६ मध्ये राजेंद्र सिंह आले तेव्हापासून नटराजन, पठानिया, राकेश पाल, परमेश असे सगळे कोस्ट गार्डच्याच केडरमधले आहेत, हा बदल आतल्या लोकांसाठी फार मोठा होता कारण असिस्टंट कमांडंट म्हणून आलेला पोरगा वरपर्यंत जाऊ शकतो हे दिसायला लागलं.

आता मुख्य मुद्दा. नेव्हीच्या अॅडमिरलकडे जे जहाज असतं ते त्याचं असतं, त्याने सांगितलं की ते निघतं. कोस्ट गार्डच्या वरिष्ठ कमांडरकडेही जहाजं-विमानं आहेतच, पण त्याचं काम ज्या लोकांशिवाय होऊच शकत नाही त्यातले निम्म्याहून जास्त लोक त्याच्या हुकमाखाली नसतात. पोर्ट त्याचं नाही, कस्टम्स त्याचं नाही, सागरी पोलीस राज्य सरकारचे, मच्छीमार कुणाचेच नाहीत, डीजी शिपिंग (व्यापारी जहाज वाहतुकीचं नियमन करणारं कार्यालय) वेगळ्या मंत्रालयाचं, जिल्हाधिकारी वेगळा, तेल कंपनी वेगळी, परदेशी जहाजाचा मालक तर कुठल्या तरी तिसऱ्याच देशात बसलेला. आणि तरी रात्री काही झालं की सगळे विचारतात कोस्ट गार्ड काय करतंय. या सगळ्यांकडून वेळेवर काम करवून घेणं, ते जमत नसेल तर त्यांच्याशिवाय काय करायचं ते ठरवणं, आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेणं, याच्यासाठी वरचं पद असतं. बाकी फायली-परेड आहेत, नाही असं नाही.

एमएससी एल्सा ३ चं उदाहरण घ्या, ते आठवणीतही ताजं असेल. २४ मे २०२५, विळिंजमहून कोचीला निघालेलं लायबेरियाच्या झेंड्याचं कंटेनर जहाज कोचीपासून साधारण ३८ सागरी मैलांवर एका बाजूला कलंडायला लागलं. जहाजावर २४ माणसं. पहिला टप्पा सरळ होता, माणसं वाचवा. डॉर्नियर विमानाने जाऊन जादाचे लाइफ राफ्ट टाकले, जहाजं वळवली, आणि २१ जणांना कोस्ट गार्डने काढलं. तिघं वरिष्ठ जहाज वाचवायच्या प्रयत्नासाठी मागे थांबले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज उलटलं तेव्हा त्यांना नेव्हीच्या आयएनएस सुजाताने उचललं. सगळे २४ वाचले. टीव्हीवर गोष्ट इथे संपली. कमांडरच्या टेबलावर ती इथे सुरू झाली.

कारण जहाजावर ६४० कंटेनर, त्यातल्या १३ मध्ये धोकादायक माल, १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड, जे पाण्याला लागलं की ज्वलनशील अॅसिटिलीन वायू सोडतं. टाक्यांमध्ये ८४ टनांवर डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल. मान्सून त्याच दिवशी केरळात पोचलेला. आता बघा एकाच वेळी किती निर्णय: तेलाचा तवंग कुठे जातोय हे विमानातून बघत राहायचं, त्यावर डिस्पर्संट म्हणजे तेल फोडणारं रसायन फवारायचं का, फवारायचं तर कुठे, कारण उथळ पाण्यात किंवा किनाऱ्याजवळ ते मारलं तर तेलापेक्षा त्याचाच त्रास माशांना जास्त, तरंगणाऱ्या कंटेनरवर एखादी मासेमारी बोट रात्री आदळू नये म्हणून इशारे, किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरला लोकांनी हात लावू नये म्हणून जिल्हा प्रशासनाला सांगणं. कंटेनर अलप्पुळा, कोल्लमच्या किनाऱ्याला लागायला लागले, तिरुवनंतपुरमच्या वाळूत प्लास्टिकचे बारीक पांढरे दाणे पसरले. किनाऱ्याची साफसफाई ही आपल्या राष्ट्रीय आराखड्यात राज्याची जबाबदारी, समुद्रातल्या तेलाचा बंदोबस्त कोस्ट गार्डची, बुडालेल्या जहाजातलं तेल काढणं मालकाची, आणि मालकाला कायद्याने धरणं डीजी शिपिंगचं. यातला कुणीही दोन दिवस उशीर केला की सगळ्यांचंच काम दुप्पट होतं, आणि त्या दोन दिवसांत फोन करून, समजावून, कधी आवाज चढवून, कधी आपलंच सामान उसनं देऊन गाडं पुढे ढकलायचं काम रिजनल कमांडर आणि दिल्लीतलं हेडक्वार्टर करत असतं.

जेमतेम दोन आठवडे उलटले तोच ९ जूनला वान हाय ५०३, कोलंबोहून न्हावा शेवाकडे येणारं, केरळच्या किनाऱ्याबाहेर पेटलं. २२ पैकी १८ जण वाचले, चौघं बेपत्ता. तिथे प्रश्न वेगळा होता, जळतं जहाज वाऱ्याने किनाऱ्याकडे सरकत होतं आणि समुद्र खवळलेला. आग विझवत बसायचं की आधी दोरखंड लावून ते लांब ओढायचं, आणि जळत्या जहाजावर माणूस उतरवायचा का, हे शेवटी वरच्याच पातळीवर ठरतं कारण त्यात आपल्या पोरांचा जीव असतो. ओढायचं ठरलं आणि ते लांब नेलं.

राष्ट्रीय आराखडा म्हणालो त्याबद्दल एक सांगतो, कारण परीक्षेतही विचारतात. तेल सांडलं तर कोणी काय करायचं याचा राष्ट्रीय आपत्ती आराखडा १९९६ पासून आहे आणि त्याचा अध्यक्ष कोस्ट गार्डचा डीजी असतो. छोट्या गळतीसाठी, म्हणजे ७०० टनांपर्यंत, प्रत्येक पोर्टने आणि तेल हाताळणाऱ्या कंपनीने स्वतःची साधनं ठेवायची असतात. कागदावर असतातच. तेल अडवणारे तरंगते बूम, ते उपसणारे स्किमर, माणसं, सगळं. पण बूम गोदामात गुंडाळून ठेवलंय आणि ते पाण्यात कसं टाकायचं हे माहीत असलेला एकमेव माणूस रिटायर झालाय, असं एका पोर्टमध्ये मी बघितलंय. म्हणून शांततेच्या काळात जाऊन तपासणी करणं, सराव करायला लावणं, रिपोर्टमध्ये नापास लिहिणं आणि त्यावरून येणारी नाराजी सहन करणं हे वरिष्ठांचं काम. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ची टक्कर झाली तेव्हा शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर चॅनलमध्ये तरंगत होते आणि मुंबई पोर्ट, जेएनपीटी दोन्ही बंद ठेवावे लागले, कल्पना करा रोजचा किती खोळंबा. अशा वेळी आधीच्या तीन वर्षांत कोणी किती नीट सराव करून घेतला होता तेवढंच कामाला येतं.

आता सर्च अँड रेस्क्यू. डीजी हा देशाचा सागरी शोध-बचावाचा मुख्य समन्वयक, आणि मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) इथे एमआरसीसी म्हणजे बचाव समन्वय केंद्रं. भारताकडे असलेलं शोधक्षेत्र ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या जमिनीच्या जवळजवळ दीडपट, आणि किनाऱ्यापासून बरंच दूरपर्यंत पसरलेलं. एवढ्या पाण्यात प्रत्येक ठिकाणी आपलं जहाज असणं शक्यच नाही.

रात्री एमआरसीसीत अलर्ट कसा येतो ते सांगतो. जहाजावरच्या बीकनचा, म्हणजे संकटाचा इशारा पाठवणाऱ्या यंत्राचा, सिग्नल उपग्रहाकडे, तिथून बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्राकडे, तिथून आमच्याकडे. ड्युटी ऑफिसर आधी बघतो बीकन कुणाच्या नावावर आहे, मालकाचा फोन लावतो. बरेचसे अलर्ट खोटे निघतात, कुणीतरी डेक धुताना बीकन काढून ठेवलेलं असतं, कुठे बॅटरी बदलताना चालू झालेलं असतं. मालक फोन उचलत नाही, रात्रीचे दोन वाजलेत, जागा २०० मैल बाहेर. नकाशावर आसपास कोणती व्यापारी जहाजं आहेत ते बघायचं, त्यातल्या जवळच्याला वळायला सांगायचं. समुद्रातला जीव वाचवायला जाणं हे कुठल्याही कॅप्टनवर आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे, पण तो चार तास मागे फिरला की कंपनीचं इंधन आणि वेळ जातो, त्यामुळे त्याला विनंतीवजा सांगणं आणि खोटा अलर्ट असेल तर उद्या त्याच्या कंपनीचं ऐकून घेणं, दोन्ही आलं. मग वारा, प्रवाह, बोट तरंगतेय की माणूस लाइफ जॅकेटवर आहे यावरून तो आत्तापर्यंत कुठे वाहत गेला असेल हे काढायचं, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने यासाठी साधन बनवलंय ते वापरतात. शोधाची चौकट दर तासाला मोठी होत जाते. हे सगळं ड्युटी ऑफिसर आणि त्याची टीम करते. कमांडरला उठवतात ते तीन गोष्टींसाठी: आपलं जहाज बाहेर काढायचं का, विमान या हवेत पाठवायचं का, आणि शोध कधी थांबवायचा.

तिसरा निर्णय सगळ्यात जड. चार दिवस झाले, सहा दिवस झाले, काहीच सापडत नाही, बंदरावर त्या माणसांची बायका-पोरं बसलेली आहेत, आमदारांचे फोन येतायत, आणि पाण्याचं तापमान व लोटलेला वेळ बघता जिवंत सापडायची शक्यता काय हे कमांडरला कळत असतं. शोध थांबवला असं लिहून त्याच्यावर सही करायची असते. आपल्याकडे तो बंद करत नाहीत लगेच, 'तात्पुरता स्थगित' करतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना नजर ठेवायला सांगतात, पण सही ती सहीच. मी ज्या कमांडरांना मानतो त्यांनी अशा वेळी घरच्यांना भेटायला ज्युनियर ऑफिसरला पाठवलं नाही, स्वतः गेले.

आणि दुसरा निर्णय, पाठवायचं का. २ सप्टेंबर २०२४ ला रात्री पोरबंदरपासून साधारण ४५ किलोमीटरवर हरी लीला या टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला आपलं एएलएच हेलिकॉप्टर गेलं आणि समुद्रात कोसळलं. चौघांपैकी एक डायव्हर वाचला, तिघं गेले. मग ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरलाच उतरताना आणखी एक एएलएच पडलं, त्यातही तिघं, आणि त्यानंतर या प्रकारची सगळी हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवली गेली. बाहेरच्या माणसाला वाटतं हेलिकॉप्टर बंद म्हणजे चौकशी होईपर्यंत वाट बघा. कमांडरला मात्र दुसऱ्याच दिवशी फोन येतो की अमुक जहाजावर खलाशाला हार्ट अटॅक आलाय. जुनी चेतक हेलिकॉप्टरं आहेत, त्यांचा पल्ला कमी, रात्रीचं काम त्यांच्याने होत नाही तसं, मग फास्ट बोट पाठवा, जहाजाला जवळ यायला सांगा, डॉक्टर रेडिओवर द्या. साधन हातातून गेल्यावर कामाची रचना बदलायची आणि तरी पोरांना हे कळू द्यायचं की तुम्हाला उगाच मरायला पाठवणार नाही, हे नेतृत्वाचं काम मला युद्धातल्या कमांडपेक्षा कमी अवघड वाटत नाही.

माझ्या मते या पदाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधले दोन प्रसंग शेजारी ठेवून बघावेत. १७ नोव्हेंबरला गुजरातबाहेर सागरी सीमेजवळ पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा एजन्सीच्या नुसरत या जहाजाने 'कालभैरव' या आपल्या मासेमारी बोटीवरचे सात जण पकडले आणि निघालं. आपलं अग्रीम हे जहाज त्याच्या मागे लागलं, जवळजवळ दोन तास, आणि मच्छीमार आपले आहेत, सोडल्याशिवाय जाऊ देणार नाही हे रेडिओवर सांगत त्याला थांबायला लावलं. सातही जण सुखरूप परत आले, बोट मात्र बुडाली. आता सतराच दिवसांनी, ४ डिसेंबरला, पोरबंदरहून इराणला निघालेलं अल पिरानपीर नावाचं लाकडी जहाज खवळलेल्या समुद्रात बुडालं, आणि जागा होती पाकिस्तानच्या शोधक्षेत्रात. मुंबईच्या एमआरसीसीने पाकिस्तानच्या एमआरसीसीशी संपर्क केला, त्याच एजन्सीच्या विमानाने शोधायला मदत केली, आपलं सार्थक जहाज तिथे गेलं आणि छोट्या होडीत तरंगणारे बाराही खलाशी सापडले.

ज्यांच्या जहाजाचा परवा पाठलाग केला त्यांच्याशी आज तासातासाला बोलायचं. हे आयत्या वेळी होत नाही, दोन्ही एजन्सींमध्ये २००५ च्या करारापासून हॉटलाइन आहे आणि ती कितीही ताण असला तरी चालू ठेवायची हे वरच्यांनीच धरून ठेवलंय. आणि पाठलागाच्या वेळी पण बघा, कॅप्टनला कुठपर्यंत जायचं, कुठे थांबायचं, किती जवळ जायचं याची स्पष्ट मर्यादा गांधीनगर-दिल्लीहून मिळावी लागते, ती मिळायला पाच मिनिटं जास्त लागली तर माणसं कराचीला पोचतात आणि घाईत चुकीची मिळाली तर दोन देशांत वेगळंच काहीतरी सुरू होतं. सरकारी शिस्त आणि झटपट निर्णय या दोन्ही गोष्टी एका माणसात असायला लागतात त्या यासाठी.

इथेच तुमच्या नेव्हीवाल्या प्रश्नाचं उत्तर आहे. युद्धनौका समोर आली की त्याचा अर्थ वेगळा निघतो. पांढऱ्या रंगाचं, कायदा राबवणारं जहाज समोर आलं तर ते पोलिसी काम वाटतं, तणाव वाढत नाही. रुस्तमजी समितीने सत्तरच्या दशकात वेगळ्या दलाची शिफारस केली ती यासाठीच की तस्करी, मासेमारी, बॉम्बे हायचे प्लॅटफॉर्म यांच्या राखणीला युद्धासाठी बांधलेली महागडी जहाजं जुंपू नयेत.

कायद्याचं म्हणाल तर कोस्ट गार्डला थांबवायचा, तपासायचा, पकडायचा अधिकार आहे, पण खटला चालवायचं काम दुसऱ्याचं, पोलीस, कस्टम्स, अमली पदार्थांच्या केसेस बघणारी एनसीबी यांचं. १९९९ ला अलोंड्रा रेनबो हे जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी पळवलं, नाव पुसून दुसरं नाव रंगवलं, झेंडा बदलला, आणि आपल्या ताराबाई या कोस्ट गार्डच्या जहाजाने व नेव्हीच्या आयएनएस प्रहारने पाठलाग करून ते पकडलं. जगभर कौतुक झालं. मुंबईच्या सेशन्स कोर्टाने २००३ मध्ये चाच्यांना शिक्षा दिली आणि २००५ मध्ये हायकोर्टातून ते सुटले, कारण खोल समुद्रातल्या चाचेगिरीवर आपल्याकडे नीट कायदाच नव्हता. चाचेगिरीविरोधी कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२२ उजाडलं. समुद्रात पकडलेली गोष्ट कोर्टात टिकवायची तर सील, पंचनामा, व्हिडिओ, वेळेची नोंद हे सगळं जहाजावरच्या नाविकाला शिकवावं लागतं, आणि कायद्यातलं भोक मंत्रालयात जाऊन वर्षानुवर्षं दाखवत राहावं लागतं, हे डीजीचं काम. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अंदमानजवळ म्यानमारच्या बोटीतून सहा हजार किलोच्या आसपास मेथॅम्फेटामिन पकडलं, असा माल पकडल्यावर पहिल्या काही तासांत काय लिहिलं जातं त्यावर पुढची सगळी केस उभी असते.

आणि आता ज्याबद्दल मला स्वतःला सगळ्यात जास्त वाटतं तो विषय, मच्छीमार. २६/११ ला अतिरेकी कुबेर नावाच्या मासेमारी बोटीतून आले. त्यानंतर २००९ मध्ये किनारी सुरक्षेची रचना बदलली, एकूण सागरी सुरक्षा नेव्हीकडे, आपल्या जलहद्दीतली किनारी सुरक्षा कोस्ट गार्डकडे, सागरी पोलिसांशी समन्वयही कोस्ट गार्डकडे आणि डीजीला 'कमांडर कोस्टल कमांड' ही जबाबदारी दिली गेली. रडारची साखळी उभी राहिली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी. सागर कवच सारखे सराव सुरू झाले ज्यात आपलीच माणसं बोटीतून घुसायचा प्रयत्न करतात आणि पोलीस, कस्टम्स, पोर्ट त्यांना पकडतात की नाही ते बघतात. पण रडारवर लाकडाची लहान होडी कितपत दिसणार, आणि दिसली तरी शेकडो ठिपक्यांत ती कोणाची हे कोण सांगणार? तांडेलच, म्हणजे बोटीचा प्रमुखच सांगणार. आपल्या भागात अनोळखी बोट आली हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

म्हणून जेट्टीवर जाऊन होणारे संवाद कार्यक्रम मला कधी वरवरचे वाटले नाहीत. कोकणातल्या एका बंदरावर आमचे रिजनल कमांडर स्वतः आले होते, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, परवाना अधिकारी, सागरी पोलीस ठाण्याचे साहेब सगळे हजर. लाइफ जॅकेट घाला, बीकन ठेवा, कागदपत्रं ठेवा असं नेहमीचं चाललेलं. मागून एक म्हातारे नाखवा उठले आणि म्हणाले, साहेब जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही, तुम्ही घालून ओढून दाखवा. लोक हसले. कमांडर हसले नाहीत, त्यांनी खरंच जॅकेट घालून बोटीवर जाऊन जाळं ओढून बघितलं आणि फुगीर जॅकेट हाताच्या आड येतं हे सगळ्यांसमोर मान्य केलं, आणि त्यानंतर पातळ, कामाचं जॅकेट कुठलं चालेल यावर मत्स्यव्यवसाय खात्याबरोबर पाठपुरावा केला. त्या बंदरावरून नंतर फोन यायला लागले, अमुक बोट संशयास्पद वाटते, अमुक ठिकाणी डिझेल उतरवतायत. १५५४ हा आपला टोल फ्री नंबर तिथल्या बऱ्याच बोटींच्या केबिनवर रंगवलेला दिसायचा.

ओखी वादळ, २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस, आठवा. केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार कित्येक दिवसांच्या ट्रिपला खूप आत गेलेले, वादळ अचानक तयार झालं, बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ सेट काही ठरावीक मैलांपर्यंतच पोचतो, मग त्यांना सांगणार कोण आणि कसं? त्यानंतर उपग्रहावर चालणारे दोन्ही बाजूंनी संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर आले, १ लाख बोटींवर बसवायची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. यंत्र बोटीवर बसलं तरी ते चालू ठेवायला तांडेल तयार असायला हवा, कारण त्याला भीती असते की आपली मासे मिळायची जागा सगळ्यांना कळेल किंवा हद्दीजवळ गेलो तर दंड होईल. ही भीती खोटी नाही. ती दूर करायला नुसता सरकारी आदेश पुरत नाही, आणि माझ्या मते वरिष्ठ कमांडरने वर्षातले काही दिवस तरी जेट्टीवर याच कारणासाठी घालवलेच पाहिजेत, जे घालवत नाहीत त्यांचं रिजन मला आंधळं वाटतं.

दिल्लीतल्या कामाबद्दल थोडक्यात. डीजीच्या हाताखाली ऑपरेशन्स, नियोजन, मनुष्यबळ आणि सामग्री असे उपमहासंचालक असतात. २०२५-२६ च्या बजेटमध्ये कोस्ट गार्डला ९,६७६ कोटींच्या वर मिळाले, त्यातले ५,००० कोटी भांडवली म्हणजे जहाजं-विमानं वगैरेंसाठी. यातली अडचण अशी की जहाज मागवणारा डीजी ते वापरत नाही. विक्रम वर्गाच्या सात गस्ती जहाजांचा करार २०१५ चा, पहिलं विक्रम २०१८ ला ताफ्यात आलं, शेवटचं विग्रह २०२१ ला, आणि तिन्ही वेळी डीजी वेगवेगळे होते. म्हणजे दहा वर्षांनी समुद्रात काय लागेल हे ओळखून आज भांडायचं आणि श्रेय पुढच्याला जाऊ द्यायचं. माणसांचंही तसंच, महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा प्रश्न २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला, तो त्याआधी हेडक्वार्टरमध्ये सुटायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशांचं कामही डीजीकडेच, आशियाई कोस्ट गार्ड प्रमुखांची बैठक २००४ पासून होते, आणि २०२० मध्ये श्रीलंकेबाहेर न्यू डायमंड हा पावणेतीन लाख टनांच्या आसपास क्रूड घेऊन पारादीपला येणारा टँकर पेटला तेव्हा आपली जहाजं इतक्या पटकन तिथे पोचून काम करू शकली त्यात अशा ओळखींचा वाटा मोठा होता.

राहिलं तुमच्या तयारीचं. मुलाखतीत 'डीजी व्हायचंय' म्हणणारे खूप येतात, त्यांना कोस्ट गार्ड कायद्याचं कलम १४ विचारलं की गप्प होतात, तेवढं एक कलम नीट वाचून जा, त्यात मच्छीमारांना संकटात मदत, कृत्रिम बेटं आणि प्लॅटफॉर्मची राखण, प्रदूषण, कस्टम्सला साहाय्य ही सगळी कर्तव्यं एका जागी आहेत आणि वर लिहिलेलं सगळं त्यातूनच येतं. निवड झाली तर एळिमलाला नेव्हीच्या अकादमीत ट्रेनिंग, मग असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, कमांडंट जेजी (ज्युनियर ग्रेड), कमांडंट, डीआयजी, आणि तिथून पुढे आयजी फार थोडे होतात. पहिल्या जहाजावर गेल्यावर फक्त नॅव्हिगेशन शिकू नका, बंदराला लागलात की पोर्टचा माणूस, कस्टम्सचा सुपरिंटेंडंट, सागरी ठाण्याचा पीएसआय, सोसायटीचा चेअरमन यांना भेटून या, नंबर घेऊन ठेवा. त्यातले काही वीस वर्षांनी मोठ्या खुर्च्यांवर बसलेले असतील आणि रात्री दोनला तुमचा फोन त्यांनी उचलायला हवा.